पाच फुलांची राणी: माळणीच्या वेशात राजपुत्र आत गेला, पुढं काय झालं?

शेवंती_शुक्रवारपेठ

नमस्कार मंडळी. माझी एक गोष्ट अर्धी राहिली आहे, ती पुरी करायला मदत हवी आहे.

आमची आजी दिवेलागणीच्या आधी उंबऱ्याजवळ बसून गजरे करायची. शेजारी भगुल्यात केळीच्या सोपाचे धागे भिजत घातलेले, मांडीवर ओलं फडकं, फडक्यात शेवंती आणि अबोली. सकाळी ते गजरे महाद्वार रोडला एका फुलवालीकडं पोचवायचे. हात चालू असताना तोंडानं गोष्ट चालायची, आणि बहुतेक वेळा ती एकच असायची, पाच फुलांच्या राणीची.

राजाची लेक इतकी नाजूक, की रोज सकाळी तिला तराजूत बसवून पाच फुलांनी तोलायचे. पारडं सरळ राहिलं की मग राजा जेवायला बसायचा. परमुलखातला एक राजपुत्र तिचं नाव ऐकून येतो. वाड्याला सात चौक्या, आत पुरुषाला मज्जाव. रोज आत जाते ती फक्त फुलं घेऊन माळीण. राजपुत्र माळणीच्या घरी उतरतो, तिला मावशी म्हणतो, आणि एक दिवस तिची भाची म्हणून लुगडं नेसून, टोपली डोक्यावर घेऊन सातही चौक्या पार करतो. राजकन्या गजरा हातात घेते, उलटा करून बघते आणि म्हणते, "ही गाठ माळणीची न्हवं. ही धनुष्याच्या दोरीची गाठ हाय."

इथं आजी स्वतःच्या हातातला गजरा उलटा करून आम्हाला दाखवायची. माळणीची गाठ सैल असते, अंगठ्यानं ढकलली की सरकते, देठाला काच देत नाही. मग सोपाचा दुसरा धागा घेऊन ती करकचून गाठ मारायची. देठ तुटून फूल तिच्या मांडीवर पडायचं. "आसली," म्हणायची, आणि ते फूल माझ्या वेणीत जायचं.

राजकन्या ओरडत नाही, चौकीदाराला बोलवत नाही. तुटलेलं फूल उचलून केसात घालते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाच फुलांना उतरत नाही. तिचं पारडं जमिनीला टेकतं. सगळा दरबार बघतोय.

इथपर्यंत मला लख्ख आठवतं. पुढचं आठवत नाही, कारण एक तर फुलं संपायची नाही तर आम्ही झोपायचो. आजी जाऊन १९ वर्षं झाली. आईच्या माहेरी ही गोष्ट सांगत नव्हते. कुणाच्या घरी ही गोष्ट पुरी ऐकलेली असेल तर कृपा करून लिहा.

दुसरं, या निमित्तानं बरेच दिवस मनात असलेलं लिहिते. गोष्टींतले प्रियकर वेश घेतात तो मनाला येईल तसला कधीच नसतो. माळीण, कासार, जोगी, वैदू, गोंधळी, गोसावी. ही सगळी अशी माणसं, ज्यांना परक्या घराचा उंबरा ओलांडायची मुभा होती. कासाराचंच बघा. जिथं सुनेला परपुरुषासमोर पदर ढळू द्यायची सोय नव्हती, तिथं कासार तिचा हात हातात घेऊन, बोटं दाबून बांगडी चढवायचा आणि सासू शेजारी बसून दराची घासाघीस करायची. गोष्ट रचणाऱ्या बायकांना आपल्या घराला दार कुठं आहे आणि फट कुठं आहे, हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून मला वाटतं, वेश घेतला जातो तो चौकीदाराला, सासूला, बापाला चकवायला. तिला चकवायला नाही. तिनं ओळखावं म्हणूनच तर तो आलेला असतो.

रंकाळाकाठ

गोष्ट वाचताना गजऱ्याचा वास आला. पाच फुलांनी तोलायचं माझ्या आत्याच्या गोष्टीतही होतं, पण तिच्यात राजपुत्र पोपट होऊन जायचा. शेवट मलाही माहीत नाही. वाट बघतो.

कोडोलीचा_भंडारा

शेवंतीताई, तुमची गोष्ट मला ठाऊक न्हाई. पण वेश घेऊन घरात शिरलेला प्रियकर म्हणाल, तर तो आमच्या देव्हाऱ्यातच बसलेला आहे.

मी पट्टणकोडोलीचा, धनगराचा. गावात विठ्ठल-बिरदेव, कुळाचा देव जेजुरीचा. घरात लग्न झालं की जागरण घालावंच लागतं. वाघ्या-मुरळी येतात, दिमडी, तुणतुणं, घाटी. रात्री दोन-अडीचच्या सुमाराला बानूचं आख्यान लागतं आणि तोवर भिंतीला टेकून पेंगणारी माणसं ताठ होऊन बसतात.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा, नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक. पौषात सातारा जिल्ह्यातल्या पालीला यांचंच लग्न लागतं, आपल्याकडनं गाड्या भरून माणसं जातात. पण देवाचं मन बसलं चंदनपुरीच्या बानूवर. चंदनपुरी म्हणजे मालेगावजवळची. आता म्हाळसेला काय सांगायचं? देव तिच्यासंगं सारीपाट मांडतो. पण असा, की हरेल त्यानं बारा वर्षं घर सोडायचं. आणि देव हरतो. सोंगट्या चुकून हरल्या का मुद्दाम, यावर आमच्यात जागरणाच्या दुसऱ्या दिवशी अजून वाद होतो. मी मुद्दामच्या बाजूचा.

मग म्हातारा धनगर होतो. अंगावर फाटकं घोंगडं, कंबर वाकलेली. बानूच्या बापाकडं चाकरी मागतो. राजाला असतो तसा थाट न्हाई, जोग्याला असतो तसा मान न्हाई. मेंढरं राखायची, त्यांच्या वाड्याची लेंडी काढायची, भाकरी मिळंल ती खायची.

एक दिवस त्याला मेंढरं धुवायला नदीवर पाठवतात. हे काम ज्यानं केलंय त्यालाच कळंल. लोकर कातरायच्या आधी मेंढरू धुवावं लागतं. पाण्यात छातीएवढं उभं राहायचं, मेंढराची मान एका हातात धरून दुसऱ्या हातानं लोकर चोळायची. ओली लोकर मणाची होते, मेंढरू घाबरून अंगावर चढतं, खुरं मांडीला लागतात. दहा मेंढरांत हात भरून येतात. देव काय करतो, तर एकेक मेंढरू धोब्यागत दगडावर आपटतो. सगळा कळप मारून टाकतो. बानू धावत येते, ऊर बडवून रडते. तो म्हणतो, माझ्याशी लग्न लावशील तर उठवतो. ती हो म्हणते. तो भंडारा उधळतो आणि मेंढरं अंग झाडत उभी राहतात. तेव्हा खरं रूप दिसतं.

ताई, तुम्ही म्हणता ते उंबऱ्याचं बरोबर आहे. पण आमच्या माणसाला या गोष्टीत काय लागतं ते सांगतो. देव वेश बदलून वर गेला न्हाई, खाली आला. आमच्या वाड्यात निजला, आमच्या हातची भाकरी खाल्ली. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडताना शेतकरी रानात बसवून घेतो ते खतासाठी, पण रात्री पाऊस आला तर ओसरीवर घेत न्हाई, हे मी लहानपणी बापासंगं सोसलंय. अशा रात्री बाप बानूचं गाणं म्हणायचा.

तुळशीकट्टा

दादा, तुमच्या वडिलांच्या गाण्याबद्दल वाचून गप्प बसावंसं वाटलं होतं. तरी लिहिते, कारण मनापासून वाटतं.

शेवंतीताईंचं म्हणणं अर्धंच खरं आहे. वेश घेऊन तिलाच फसवलं, अशा गोष्टी आपल्याकडं कमी नाहीत. इंद्र गौतमाचं रूप घेऊन आला. शाप त्यालाही मिळाला, पण कीर्तनातल्या गोष्टीत शिळा होऊन पडून राहिली ती अहल्या. रावण झोळी घेऊन आला, त्यालाही उंबऱ्याची रीत पक्की ठाऊक होती. भिक्षेकऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे हेरूनच तो आला. म्हणजे ज्या फटीतून प्रियकर येतो त्याच फटीतून चोरही येतो.

आणि वृंदा. तिच्या पातिव्रत्यामुळं जालंधर मरत नव्हता, म्हणून विष्णू जालंधराचं रूप घेऊन तिच्याकडं गेला. तिला कळलं तेव्हा तिनं देवाला शाप दिला, दगड हो. तो शाळिग्राम झाला, ती तुळस झाली. कार्तिकात द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत आपण घरोघर त्यांचं लग्न लावतो. आमच्या दारात वृंदावन गेरूनं रंगवायचं, चार बाजूंना शेतातले चार ऊस बांधायचे, बुडाशी चिंचा-आवळे ठेवायचे, मग अंतरपाट. मंगलाष्टका चालू असताना माझी आजी सगळ्या अक्षता तुळशीवर टाकायची. बाळकृष्णावर एक दाणा पडू द्यायची नाही. मी एकदा विचारलं. म्हणाली, "त्येनं तिला फसवलंया. ह्यो वरसाचा दंड भरतोय, त्येला कशाला अक्षता?"

अक्षर न वाचलेली बाई होती. पण कुठला वेश प्रेमाचा आणि कुठला नाही, हे तिनं दरवर्षी हातानं दाखवलं.

बानूचंही म्हणूनच टोचतं. मेंढरं म्हणजे तिचं सगळं धन. ते मारून घेतलेला होकार मला होकार वाटत नाही.

पन्हाळा_पायथा

तुळशीकट्टा, आजींना नमस्कार.

दमयंती कुणीच कशी आठवली नाही? आपल्या विदर्भाचीच. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चौघे देव नळाचं रूप घेऊन बसले, समोर पाच नळ. तिनं बघितलं, चौघांच्या पापण्या लवत नाहीत, अंगाला घाम नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, पाय भुईला टेकत नाहीत. ज्याला घाम येतोय, ज्याच्या पायाला धूळ आहे, त्याच्या गळ्यात तिनं माळ घातली.

कागलची_लेक

वा, सकाळपासून तीन वेळा वाचलं. माझ्याकडून दोन गोष्टी, दोन्ही जुन्या आणि दोन्हींत चलाखी बाईची.

पहिली महाराष्ट्राच्या अगदी मुळातली. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ७०० गाथांची गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वज भाषेतली. त्यात गोदेकाठची खेडी आहेत, शेतं आहेत आणि चोरून भेटणारी माणसं आहेत. एका गाथेत एक बाई गोसाव्याला सांगते, महाराज, आता बिनघोर हिंडा, तुम्हाला त्रास देणारं ते कुत्रं आज मेलं, गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहानं मारलं. झाडी ही तिच्या भेटीची जागा. गोसावी तिथं फुलं तोडायला येत असणार. तिनं नको येऊ असं कुठंच म्हटलेलं नाही, तरी तो पुन्हा तिकडं फिरकणार नाही. संस्कृतातल्या काव्यशास्त्राच्या पंडितांनी या एका गाथेवर पानंच्या पानं लिहिली.

दुसऱ्या एका गाथेत बाई विंचू चावला म्हणून हात झाडते. सख्या तिला दोन्ही बाजूंनी धरून वैद्याच्या घरी नेतात, नवऱ्यादेखत. वैद्य हाच तिचा प्रियकर. दोन ओळींत सगळं घर, सगळी गल्ली आणि नवऱ्याचा काळजीनं उतरलेला चेहराही दिसतो.

दुसरी गोष्ट कथासरित्सागरातली, देवस्मितेची. काश्मीरच्या सोमदेवानं ११व्या शतकात हा ग्रंथ लिहिला, पण त्याचं मूळ समजली जाणारी गुणाढ्याची बृहत्कथा परंपरेनं पैठणच्या सातवाहनांच्या दरबाराशी जोडलेली आहे.

देवस्मितेचा नवरा गुहसेन ताम्रलिप्तीहून व्यापाराला कटाह बेटावर निघतो. शंकर दोघांना स्वप्नात एकेक तांबडं कमळ देतो. जो चुकेल, त्यानं दुसऱ्याच्या हातातलं कमळ कोमेजेल. तिकडं चार व्यापारीपुत्र ही कमळाची गोष्ट ऐकतात आणि बाईची परीक्षा बघायला ताम्रलिप्तीला येतात. एका जोगिणीला हाताशी धरतात. (परत तेच, उंबरा ओलांडू शकणारी बाई.) ती जोगीण काय करते, तर एका कुत्रीला मिरी घातलेलं मांस चारते. कुत्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं. मग देवस्मितेला सांगते, ही गेल्या जन्मी माझी सवत होती, हिनं कुणाला जवळ केलं नाही म्हणून कुत्री झाली, आता रडते आहे.

देवस्मिता सगळं ओळखते आणि भोळी बनून राहते. आपल्या दासीला आपला वेश देते, धोतरा घातलेली दारू तयार ठेवते. एकेक जण येतो, बेशुद्ध पडतो, कपाळावर कुत्र्याच्या पंजाचा डाग घेऊन घाणीत जागा होतो. लाजेपायी कुणी कुणाला सांगत नाही. चौघेही डोकं दुखतंय म्हणून फडकं बांधून घरी परततात.

आता ते नवऱ्याचं काही बरंवाईट करतील या भीतीनं देवस्मिता पुरुषाचा, व्यापाऱ्याचा वेश करून गलबतात बसते आणि कटाह बेटावर जाते. बाजारात व्यापाऱ्यांच्या घोळक्यात नवरा दिसतो. त्याला वाटतं, हा माणूस माझ्या बायकोसारखा कसा दिसतो! ती तडक राजाकडं जाऊन म्हणते, माझे चार गुलाम पळून तुमच्या गावात आलेत. नगरातली बडी माणसं चिडतात, हे तर शेठजींचे मुलगे. ती म्हणते, कपाळावरची फडकी काढा.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते नवऱ्याचं बघत राहणं. तिनं पुरुषाचा वेश केलाय, समुद्र ओलांडलाय, आणि तो काही न कळता नुसता बघतोय.

इचलकरंजीचा_माग

मी माग चालवतो, पूर्वी दोन पाळ्यांत, आता एका. माझी आवडती गोष्ट विणकराची आहे, पंचतंत्रातली.

एक विणकर जत्रेत राजकन्येला बघतो आणि अंथरुणाला खिळतो. त्याचा दोस्त रथ बनवणारा सुतार. दोस्त लाकडाचा गरुड करून देतो, कळ फिरवली की उडणारा. विणकराला शंख, चक्र, मुकुट चढवतो. विणकर विष्णू होऊन रात्री थेट सातव्या मजल्यावर उतरतो. मी विष्णू, तू माझी लक्ष्मी. गांधर्व विवाह होतो. राजाला कळतं, तेव्हा त्याला आनंदानं आभाळ ठेंगणं होतं, जावई साक्षात विष्णू! त्या जोरावर तो शेजारच्या राजांना त्रास देतो. ते सगळे मिळून चाल करून येतात. राजा लेकीला म्हणतो, जावयाला सांग लढायला.

आता विणकर काय करणार? पळून जाता येत होतं, गरुड दारात उभा होता. तो पळत नाही. मरायचं ठरवून रणात उतरतो. वर खऱ्या विष्णूला घोर पडतो, हा मेला तर लोक म्हणतील विष्णूच मेला, मग पूजा कोण करणार? म्हणून विष्णू त्याच्या अंगात शिरतो, गरुड त्या लाकडात शिरतो, लढाई जिंकतात. विणकर खाली उतरून सगळं खरं सांगून टाकतो आणि राजा लेक त्याला रीतसर देतो.

तुळशीकट्टा मॅडम, यानं तर तिलाही फसवलं होतं. तुमच्या आजींनी याच्यावर अक्षता टाकल्या असत्या का, हे मला खरंच जाणून घ्यावंसं वाटतं. मला वाटतं टाकल्या असत्या, कारण तो मरायला तयार झाला.

तुळशीकट्टा

टाकल्या असत्या, पण आधी त्याला चार शब्द सुनावले असते. तिच्यापुढं खरं बोलायला त्याला लढाई लागली.

गडहिंग्लजचा_हवालदार

मी फौजेतून निवृत्त. अंबाल्याला असताना आमच्याबरोबर पंजाबी जवान होते. थंडीत शेकोटीभोवती एकजण हीर गायचा. भाषा पुरती कळायची नाही, तर दुसरा एकजण हिंदीत समजावून सांगायचा. कागलच्या ताईंची विंचवाची गाथा वाचली आणि अंगावर काटा आला, कारण हेच मी तिथं ऐकलंय.

रांझा हीरच्या बापाकडं म्हशी राखायला राहतो, बारा वर्षं. कोडोलीचे पाहुणे, बाराच वर्षं! तो बासरी वाजवतो, म्हशी गोळा होतात. घरच्यांना कळतं, हीरचं लग्न जबरीनं रंगपूरच्या खेड्यांच्या घरी लावून देतात. खेडा हे त्या घराण्याचं नाव. मग रांझा टिल्ल्यावर, म्हणजे जोग्यांच्या टेकडीवर, जाऊन बालनाथाकडून दीक्षा घेतो, कान फाडून मुद्रा घालतो, राख फासतो आणि भिक्षा मागत हीरच्या सासरी पोचतो. नणंद सहती त्याच्याशी कडाकडा भांडते आणि शेवटी त्याच्याच बाजूची होते, कारण तिचंही मन दुसरीकडं गुंतलेलं असतं. हीर कापसाच्या रानात पायाला काटा टोचून घेते आणि साप चावला म्हणून पडते. आता उतारा कोण देणार? गावात आलेला जोगी. नवऱ्याकडचेच लोक त्याला बोलावून आणतात. तो म्हणतो, एकांतातली खोली द्या, कुणी डोकावू नका. रात्रीत दोघं निघून जातात. शेवट वाईट आहे, तो सांगत नाही.

वारिस शाहनं हे १७६६ साली लिहिलं, असं आमचा गाणारा सांगायचा, आणि गोष्ट त्याच्याही आधीची. गोदावरीकाठी विंचू, चिनाबकाठी साप. दोन्हीकडं बायकांना ठाऊक होतं की दुखणं आलं तरच दार उघडतं.

एक सांगावंसं वाटतं. कान फाडणं हा नुसता वेश नाही. लुगडं सोडून ठेवता येतं, राख धुता येते. फाडलेला कान मरेपर्यंत तसाच राहतो. गाणारा त्या जागी आला की आपोआप आवाज खाली घ्यायचा.

पडद्यामागचा

थोडं विषयांतर, पण कोल्हापूरचं आहे म्हणून लिहितो. मी नाटकाच्या रंगपटात काम करतो.

आपल्या केशवराव भोसल्यांचं नाव आज नाट्यगृहामुळं घेतलं जातं. १९१५ साली राजर्षी शाहूंच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते घर ऑगस्ट २०२४ मध्ये जळताना ज्यांनी बघितलं, त्यांच्याशी त्या रात्री बोलवत नव्हतं. १९२१ साली केशवराव आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या नाटकात श्रीमंताघरची भामिनी साध्या सेनापतीला आधी नाकारते आणि मग त्याला जवळून बघायला वनमाला या साध्या मुलीचा वेश घेते. म्हणजे रंगमंचावर पुरुष बाई झालाय आणि ती बाई दुसरी बाई झाली आहे. प्रेक्षकांना तिन्ही माहीत, धैर्यधराला एकच.

सौभद्रही तसंच. १८८२ सालचं, पण गोष्ट महाभारतातली. अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन द्वारकेला येतो आणि बलराम स्वतः, भक्तिभावानं, त्याला सुभद्रेच्या जवळ आणून ठेवतो. शेवंतीताई, तुमचा चौकीदारच दार उघडून देतो.

रंगपटात एक गोष्ट रोज बघतो. चेहऱ्याला रंग लावला, लुगडं नेसवलं, केस लावले, तरी हात लपत नाहीत. हात बघूनच कळतं कोण आहे. तुमच्या आजींनी गाठ सांगितली ती उगीच नाही.

कोडोलीचा_भंडारा

तुळशीकट्टाताई, तुमचा प्रश्न घेऊन मी काल चुलतीकडं गेलो. तिला जागरणातलं सगळं तोंडपाठ आहे. विचारलं, बानूचा होकार खरा का जबरीचा? ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "बारा वरसं त्येच्या हाताखाली एक मेंढरू मेलं न्हाई, एकाची दोन झाली. आसं कुठल्या म्हाताऱ्याच्या हातानं हुतंय व्हय? तिला कवाच कळलं हुतं. दगूड उचलून घातला का तिनं त्येच्या डोस्क्यात? न्हाई न्हवं?"

मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पर मेंढरं मारायला नगं हुती." आणि पुन्हा निवडायला लागली.

तुमचंही खरं, तिचंही खरं. जेजुरीला गेलात तर बघा, म्हाळसा वर गडावर आणि बानूचं ठाणं डोंगराच्या निम्म्यात. आमची माणसं चढताना आधी तिथं थांबतात.

शेवंती_शुक्रवारपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, वेश तिला चकवायला नसतो. तुळशीकट्टा म्हणतात ते वाचून मी ते असं पालटते: ज्या वेशात तिच्यासाठी खूण ठेवलेली असते, त्याला आज्या-पणज्यांनी प्रेम म्हटलं. नळाचा घाम, रांझ्याचा कान, मेलं नाही ते मेंढरू, देवस्मितेचा न बदलता आलेला चेहरा. वृंदेसाठी काहीच खूण नव्हती, रूप अगदी पुरतं होतं. इंद्राचंही तसंच. राजपुत्रानं गाठ चुकवली ती येत नव्हती म्हणून, का मुद्दाम, हे आजीला विचारायचं राहून गेलं.

गोष्टीचा शेवट अजून कुणी सांगितला नाही. पारडं खाली आहे, राजा उपाशी आहे.

गारगोटीकर

ताई, पाच दिवस हे वाचतोय. आईला गोष्ट ठाऊक असावी असं वाटत होतं, पण ती गावाकडं आणि तिच्या फोनला रेंज नसते. आज दुपारी लागला. मी तुमचं लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. गाठीचं ऐकून हसली, म्हणाली, आमच्यात गाठ नव्हती, आमच्यात त्याला पायातली जोडवी जड झाली होती. चालण्यावरनं ओळखलं.

पुढची गोष्ट आईच्या शब्दांत, जमेल तशी लिहितो.

पारडं खाली गेलं. राजा म्हणाला, काटा बिघडला. सोनाराला बोलवा. सोनार आला, त्यानं काटा तपासला, म्हणाला, काटा नीट आहे. राजा म्हणाला, फुलं बाशी असतील, वाळून हलकी झाली असतील. माळणीला बोलवा. म्हातारी माळीण आली. दरबारात सगळे बघतायत. राजा म्हणाला, म्हातारे, खरं सांग, फुलं कालची का आजची? म्हातारीनं राजकन्येकडं बघितलं. राजकन्या खाली बघत होती आणि तिच्या केसात एक फूल होतं, देठ तुटलेलं.

म्हातारी म्हणाली, महाराज, फुलं आजची हायती, पर तुमच्या लेकीनं एक फूल केसात घातलंय. सहा फुलांचं वजन पाच फुलं कशी उचलतील?

राजा म्हणाला, खरंच की. काढ ते फूल.

इथं आई म्हणते, आता म्हातारीची खरी हुशारी. फूल काढलं तरी पारडं सरळ होणार नाही, हे तिला माहीत. ती पुढं झाली, राजकन्येच्या केसातलं फूल काढलं, आणि काढलेलं फूल ठेवायला जागा शोधल्यासारखं करून पाच फुलांच्या पारड्यात ठेवलं. हात काढून घेताना करंगळी पारड्याच्या काठावर तशीच राहू दिली.

मी विचारलं, आणि राजाला कळलं नाही? आई म्हणाली, "राजाला भूक लागली हुती."